तीन किलोमीटर खोल चिखलाला समुद्राची पातळी कशी कळते?

पुण्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या सरांचा प्रश्न थोडक्यात असा: ‘शेवटच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता आणि हे समुद्रतळाच्या गाळावरून कळलं, असं मी वर्गात सांगितलं. एका विद्यार्थिनीने विचारलं, की तीन किलोमीटर खोल पाण्याखालच्या चिखलाला वरचं पाणी १२० मीटरने कमी झालं काय नि न झालं काय, काय फरक पडणार? त्याला ते कळणार कसं? मला उत्तर देता आलं नाही. हा आकडा कितपत खात्रीचा आहे? आणि आपल्या कोकणाबद्दल तो काय सांगतो?’

सर, तुमच्या विद्यार्थिनीने नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. खोल समुद्रातल्या गाळाला पातळी कळत नाही. तीन हजार मीटरचे दोन हजार आठशे ऐंशी झाले, म्हणून तिथल्या चिखलावर त्याची सरळ खूण उमटत नाही. तरीही गेल्या पन्नास लाख वर्षांतल्या समुद्रपातळीची सगळ्यांत लांब आणि सलग नोंद त्याच चिखलात आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे उमगलं की पुढचं अवघड नाही. मी पुण्यात राहून बरीच वर्षं समुद्रतळाच्या गाळातली सूक्ष्म कवचं वेचण्याचं आणि त्यांवरून जुन्या समुद्राचा अंदाज बांधण्याचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गाळात नोंदली जाते ती पाण्याची उंची नव्हे, पाण्याची घडण. पाण्यातला बहुतेक ऑक्सिजन १६ वस्तुमानाचा असतो. साधारण पाचशेत एक अणू १८ वस्तुमानाचा, म्हणजे जड. समुद्राची वाफ होताना हलकं पाणी किंचित जास्त उडतं. ही वाफ ध्रुवांकडे जाताना वाटेत पाऊस पडत राहतो आणि दर पावसात जड पाणी आधी खाली येतं. ग्रीनलंड-अंटार्क्टिकापर्यंत पोहोचणारी वाफ त्यामुळे फारच हलकी असते. तिथल्या बर्फात ऑक्सिजन-१८ चं प्रमाण समुद्राच्या मानाने दर हजारी ३० ते ५० ने कमी भरतं. एरवी असं हलकं पाणी नद्यांवाटे, हिमनद्यांवाटे परत समुद्राला मिळतं आणि हिशेब जुळतो. हिमयुगात ते परत येत नाही. कॅनडावर, स्कँडिनेव्हियावर दोन-तीन किलोमीटर जाडीचे हिमस्तर साचतात, हलकं पाणी जमिनीवर अडकून पडतं आणि मागे उरलेला समुद्र जड होतो. जगातल्या समुद्रांचं पाणी हजार-दीड हजार वर्षांत ढवळून निघतं. त्यामुळे हा जडपणा वरच्या पाण्यापुरता राहत नाही, थेट तळापर्यंत पोहोचतो. विद्यार्थिनीला सांगायचं ते एवढंच: वरचं पाणी कमी झाल्याचं चिखलाला कळत नाही, पण उरलेलं पाणी बदलल्याचं कळतं.

हे गणित फळ्यावर मांडून दाखवता येईल. समुद्राची सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर. त्यातून १२० मीटर पाणी काढलं, उरलं ३,५८० मीटर. काढलेलं पाणी सरासरी दर हजारी ३० ने हलकं होतं असं धरा. १२० भागिले ३,५८०, गुणिले ३०: उत्तर येतं बरोबर १. बर्फ ३५ ने हलकं धरलं तर १.१७. म्हणजे संपूर्ण हिमयुगाने समुद्राच्या घडणीत घडवलेला बदल दर हजारी एक, फार तर सव्वा. दुसऱ्या बाजूने पाहायचं तर दर १० मीटर पातळीमागे जेमतेम ०.०८ ते ०.१. इतका लहान फरक आपल्याला मोजायचा आहे, हे लक्षात ठेवा. पुढच्या सगळ्या अडचणी यातूनच निघतात. जाता जाता विद्यार्थ्यांकडून आकारमानही काढून घ्या. समुद्राचं क्षेत्रफळ सुमारे ३६ कोटी १० लाख चौरस किलोमीटर. त्याचा १२० मीटर जाडीचा थर म्हणजे सव्वाचार कोटी घन किलोमीटरांहून जास्त पाणी. एवढं सगळं बर्फ होऊन जमिनीवर बसलं होतं.

आता हे जड झालेलं पाणी टिकतं कुठे? मुख्यतः कवचांत. फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव आहेत. आम्ही सगळे त्यांना फोरॅम म्हणतो. त्यांच्यातले बरेचसे आपलं कवच चुनखडीच्या कॅल्साइटचं बांधतात आणि त्यासाठी लागणारा ऑक्सिजन भोवतालच्या पाण्यातून येतो. काही जाती वरच्या शंभरेक मीटर पाण्यात तरंगतात, त्या प्लवक. काही तळाच्या चिखलात राहतात, त्या तळनिवासी. मेल्यावर दोघांची कवचं एकाच चिखलात जमा होतात. नद्यांपासून दूर, खोल समुद्रात हा चिखल हजार वर्षांत एक ते तीन सेंटिमीटर साचतो. दोन सेंटिमीटरचा वेग धरला तर दहा मीटर लांबीच्या कोअरमध्ये, म्हणजे तळात नळी खुपसून काढलेल्या गाळाच्या उभ्या नमुन्यात, पाच लाख वर्षं मावतात.

कोअर काढायची जागा मात्र पाहून निवडावी लागते. समुद्रतळावरचा कुठलाही चिखल चालत नाही. फार खोल गेलं, चार-पाच किलोमीटरच्या खाली, तर कॅल्साइट विरघळून जातं आणि फोरॅमच उरत नाहीत. सिंधू किंवा गंगेच्या गाळाच्या पंख्यावर गेलं तर उतारावरून घसरत आलेल्या गाळाचे लोट मधेमधे येऊन बसलेले असतात आणि सलगपणा तुटतो. २०१५ साली जॉइडिस रिझोल्यूशन या खोदकामाच्या जहाजाने अरबी समुद्रात लक्ष्मी खोऱ्यात खोल विवरं घेतली. हिमालयाच्या झिजेचा आणि मान्सूनचा इतिहास वाचायला तो गाळ अनमोल आहे, पण समुद्रपातळीच्या सलग नोंदीसाठी मी तिथे गेले नसते. त्यासाठी पाण्याखालच्या डोंगररांगांचे माथे बरे: ओमानसमोरची ओवेन रांग, लक्षद्वीप-छागोस रांग. तिथे नद्यांचा गाळ पोहोचत नाही, वरून पडणारी कवचंच काय ती शांतपणे साचत राहतात.

प्रयोगशाळेत कोअर उभा चिरतात. एक अर्धा भाग जपून ठेवायचा, दुसऱ्यावर काम करायचं. अरबी समुद्राच्या मधल्या खोलीतल्या, ऑक्सिजन कमी असलेल्या पट्ट्यातल्या कोअरला कधी गडद, बारीक रेषारेषांचे थर दिसतात, कधी फिकट आणि किड्यांनी पोखरलेले. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, गडद म्हणजे उबदार काळ नि फिकट म्हणजे हिमयुग, झालं काम. तिथे हा मेळ बराचसा बसतोही. पण तो रंग मान्सूनचा जोर, पाण्यातली जीवसृष्टी आणि तळाशी ऑक्सिजन किती होता ते सांगतो. पातळी रंगावरून काढता येत नाही.

पातळीसाठी दर एक-दोन सेंटिमीटरवर थोडा गाळ घ्यायचा, ६३ मायक्रॉनच्या चाळणीवर पाण्याच्या बारीक धारेखाली धुवायचा. चिकणमाती वाहून जाते आणि चाळणीवर पांढरट, रवाळ थर उरतो. तो जवळजवळ सगळा कवचांचाच असतो. वाळवून, पुन्हा चाळून, काळ्या तळाच्या ट्रेमध्ये पसरायचा. मग सूक्ष्मदर्शकाखाली अगदी बारीक ब्रशचं टोक ओलं करून एकेक कवच उचलायचं. तळनिवासींमधली आमची नेहमीची जात सिबिसिडॉइडीस वुलरस्टॉर्फी. तिची एक बाजू सपाट, कप्पे कमानीसारखे वळलेले, अंगावर ठळक छिद्रं. दुसरी युविजेरिना: उभट, अंगावर लांब कंगोरे. पहिली तळाच्या पृष्ठभागावर राहते, दुसरी गाळात रुतून. दोन्ही एकाच थरातून उचलल्या तरी त्यांच्या मोजमापात दर हजारी सुमारे ०.६ चा ठरलेला फरक येतो. तो दुरुस्त न करता दोन जातींचे आकडे एका रेषेत जोडले, तर कागदावर ७० मीटरचा खोटा चढउतार दिसेल. म्हणून जात ओळखणं हे या कामातलं दुय्यम, मदतनिसाकडे सोपवायचं काम आहे असं मी कधीच मानलं नाही. यंत्र कितीही महागडं आणा, त्यात चुकीची कवचं गेली की पुढचं सगळं वाया.

निवडलेली कवचं धुऊन, फुटकी नि आत माती भरलेली बाजूला काढून, उरलेल्यांवर ७० अंश तापमानाला फॉस्फोरिक आम्ल सोडतात. निघालेला कार्बन डायऑक्साइड मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये जातो आणि त्यातल्या जड-हलक्या रेणूंचं गुणोत्तर कळतं. मोजणीला काही दशांश मिलिग्रॅमहूनही कमी कॅल्साइट पुरतं.

आता मुख्य अडचण. कवचातल्या ऑक्सिजन-१८ चं प्रमाण दोन गोष्टींवर ठरतं: पाणी किती जड होतं आणि ते किती थंड होतं. थंड पाण्यात बांधलेल्या कवचात जड ऑक्सिजन जास्त बसतो, दर अंशामागे दर हजारी पावेक. हिमयुगात समुद्र जडही झाला आणि थंडही झाला. दोन्ही परिणाम एकाच दिशेने जातात आणि कवचात त्यांची बेरीजच तेवढी मिळते. नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यातून पैसे गेले, शिल्लक किती उरली ते पासबुकात दिसतं, पण कोणी किती काढले ते दिसत नाही, तशी ही गत.

या बेरजेची फोड कशी करायची, यावर जवळजवळ सत्तर वर्षं वाद आणि काम चालू आहे. कवचांवरून तापमान काढता येईल ही कल्पना हॅरल्ड युरी यांची, १९४०च्या दशकातली. त्यांच्याच प्रयोगशाळेत शिकलेल्या चेझारे इमिलियानी यांनी १९५५ साली कॅरिबियन आणि अटलांटिकमधल्या कोअरमधले प्लवक फोरॅम मोजले. हिमयुगं एक-दोन नसून पुन्हापुन्हा येऊन गेली, हे त्यांनी दाखवलं. आज आम्ही वापरतो ते थरांचे क्रमांकही त्यांचेच: विषम म्हणजे उबदार, सम म्हणजे थंड. मात्र बेरजेतला मोठा वाटा तापमानाचा आहे असं त्यांचं मत होतं. १९६७ साली केंब्रिजच्या निकोलस शॅकल्टन यांनी उलटा मुद्दा मांडला. तळनिवासी फोरॅममध्येही जवळजवळ तेवढाच बदल दिसतो. तळाचं पाणी आजच गोठणबिंदूच्या जवळ आहे, ते आणखी पाच-सहा अंशांनी थंड होऊच शकत नाही. म्हणजे बदलाचा मोठा भाग बर्फाचा. या युक्तिवादाने विषयाची दिशा बदलली आणि फोरॅमची नोंद बर्फाच्या प्रमाणाची, पर्यायाने समुद्रपातळीची नोंद म्हणून वाचली जाऊ लागली.

शॅकल्टन बरेचसे बरोबर होते, पूर्ण नाही. तळनिवासी कवचांत शेवटच्या हिमयुगापासून आजपर्यंतचा फरक दर हजारी सुमारे १.७ आहे. हा सगळा बर्फाचाच धरला तर पातळी आजच्यापेक्षा दोनशे मीटर खाली येते, आणि तेवढी ती नव्हती हे नक्की. १ बर्फाचा आणि उरलेला ०.७ थंडीचा, म्हणजे तळाचं पाणी तीनेक अंशांनी गार, अशी फोड आज मान्य आहे. ‘गाळावरून १२० मीटर कळले’ हे वाक्य मला म्हणूनच अपुरं वाटतं. नुसत्या फोरॅमच्या ऑक्सिजनवरून १२० येत नाही. तो आकडा दुसरीकडून आला आणि त्याने गाळाची नोंद पक्की केली.

फोड करण्याच्या तीन वाटा सांगते. पहिली मॅग्नेशियमची. गरम पाण्यात बांधलेल्या कॅल्साइटमध्ये कॅल्शियमच्या जागी मॅग्नेशियम जास्त घुसतं. त्याच कवचात मॅग्नेशियम-कॅल्शियमचं गुणोत्तर मोजलं की तापमान वेगळं मिळतं, ते वजा केलं की पाण्याचा जडपणा उरतो. ऐकायला हे छान वाटतं. पण तळाच्या थंड पाण्यात पाण्याचं कार्बोनेट-रसायनही या गुणोत्तरात ढवळाढवळ करतं आणि एका अंशाची चूक सहज होते. एक अंश म्हणजे पाव, आणि पाव म्हणजे ३० मीटर. कोणी एका कोअरमधल्या मॅग्नेशियमवरून पाच मीटर अचूकतेची समुद्रपातळी काढल्याचं सांगितलं, तर आधी चुकीची मर्यादा विचारावी.

दुसरी वाट फार हुशारीची. गाळाच्या कणांमधल्या पोकळीत त्या काळचं पाणी अडकलेलं असतं. तळाखाली काही दशक मीटर खोल गेलं की हिमयुगातल्या जड पाण्याची पुसट खूण अजून मिळते. विसरणाने, म्हणजे आजूबाजूच्या पाण्यात हळूहळू मिसळत जाऊन, ती पसरट झाली आहे, पण मूळ जडपणा किती असावा ते उलट गणिताने काढता येतं. डॅनियल श्रॅग आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकापासून खोल विवरांतलं असं पाणी मोजलं आणि पूर्ण समुद्राचा बदल दर हजारी सुमारे १, चूकभूल ०.१, असा काढला. कवच नाही, तापमान नाही, प्रत्यक्ष पाणीच. मात्र ही खूण शेवटच्या हिमयुगाचीच. त्याआधीची पाणी मिसळून पुसली गेली आहे.

तिसरी वाट लाल समुद्राची, आणि माझ्या मते सगळ्यांत देखणी. लाल समुद्राला नदी नाही, पाऊस नगण्य, आणि वर्षाला सुमारे दोन मीटर पाण्याची वाफ होते. ही तूट बाब-अल-मांदेबच्या अरुंद सामुद्रधुनीतून येणारं हिंदी महासागराचं पाणी भरून काढतं. तिथल्या हानिश बेटांजवळचा उंबरठा आज फक्त १३७ मीटर खोल आहे. समुद्र १२० मीटर खाली गेला की त्यावरून जेमतेम काही मीटर पाणी वाहणार. आतलं पाणी अडकतं, वाफ होत राहते, क्षारता दर हजारी ५० च्या वर चढते आणि ऑक्सिजनही त्या प्रमाणात जड होत जातो. उघड्या महासागरात दर हजारी एवढासा दिसणारा बदल इथे कित्येक पटींनी मोठा होऊन येतो, म्हणजे मोजायला सोपा. पातळी सर्वांत खाली असताना क्षारता इतकी वाढली, की लाल समुद्राच्या गाळातून प्लवक फोरॅम जवळजवळ नाहीसेच झाले; कोअरमध्ये त्या पट्ट्यावर आलं की ट्रे रिकामा. मार्क सिडल, एल्को रोलिंग आणि सहकाऱ्यांनी २००३ साली या पद्धतीने चार लाख सत्तर हजार वर्षांची पातळी काढली, सुमारे १२ मीटरच्या चूकभुलीसह. तुमच्या विद्यार्थिनीच्या शंकेला हे तर आणखी सरळ उत्तर आहे: इथल्या चिखलाला उंबरठ्यावरच्या पाण्याची उंची खरोखरच कळत होती.

मग १२० आला कुठून? प्रवाळांकडून. ॲक्रोपोरा पाल्माटा नावाचं कॅरिबियन प्रवाळ मुख्यतः पृष्ठभागापासून पाचेक मीटरच्या आतच वाढतं. रिचर्ड फेअरबँक्स यांनी बार्बाडोसच्या किनाऱ्यासमोर विवरं घेऊन पाण्याखाली बुडालेली अशी जुनी प्रवाळं काढली, त्यांची वयं आणि खोली जुळवली, बेट हळूहळू वर उचललं जात आहे त्याची दुरुस्ती केली, आणि १९८९ साली १२१ मीटरचा आकडा दिला. पुढे वेगवेगळ्या किनाऱ्यांवरच्या नोंदी आणि हिमस्तरांच्या भाराची गणितं जमेला धरून हा आकडा १२० ते १३५ च्या दरम्यान सरकत राहिला आहे. वर्गात ‘सुमारे १२० ते १३०’ सांगा, चुकणार नाही. प्रवाळांची नोंद अचूक आहे पण तुटक. एखाद्या काळाची मिळते, पुढच्या दहा हजार वर्षांची मिळत नाही. खोल गाळाची नोंद ढोबळ आहे पण सलग. प्रवाळांच्या खुंट्यांवर गाळाची रेषा ताणून बसवली की आपल्याला पूर्ण आलेख मिळतो. लिसिएकी आणि रेमो यांनी २००५ साली जगभरातल्या ५७ ठिकाणच्या तळनिवासी नोंदी एकत्र करून ५३ लाख वर्षांचा सरासरी आलेख दिला. पुस्तकात दिसणारी ती करवती रेषा बहुधा याच आलेखाची असते. तिच्या उभ्या अक्षावर मीटर नसतात, दर हजारी असतात, तेवढं विद्यार्थ्यांना दाखवा.

अचूकतेचा हिशेब असा. यंत्राची मोजणी दर हजारी ०.०५ ते ०.०८ इतकी खात्रीची. यातच सहा ते दहा मीटर गेले. तापमान, जातीचा फरक, त्या जागच्या पाण्याची क्षारता हे धरून एका कोअरवरून काढलेली पातळी वीस-तीस मीटर इकडेतिकडे असू शकते. अनेक कोअर एकत्र केल्यावर ती कमी होते. प्लवक फोरॅम आपल्या भागात तर जास्तच फसवे. बंगालच्या उपसागरात नद्यांचं हलकं गोडं पाणी वर तरंगतं आणि मान्सून वाढला-घटला की कवचाचा आकडा बदलतो, समुद्रपातळी जागच्या जागी असली तरी.

काळाची अचूकता हा वेगळा विषय, तो आवरता घेते. पन्नास हजार वर्षांपर्यंत रेडिओकार्बन. त्यातही समुद्राचं पाणी आधीच काही शतकं ‘जुनं’ असतं, ते वजा करावं लागतं. त्यापलीकडे पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवांची अदलाबदल, सुमारे ७ लाख ७३ हजार वर्षांपूर्वीची. अधेमधे ज्वालामुखीची राख. सुमात्रातल्या टोबाच्या ७४,००० वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची राख बंगालच्या उपसागरातल्या आणि अरबी समुद्रातल्या गाळात सापडते आणि वेगवेगळे कोअर एकमेकांशी जुळवायला फार उपयोगी पडते. पुण्याच्या विद्यार्थ्यांना हे जवळून दाखवता येईल: जुन्नर तालुक्यात कुकडीकाठी बोरी इथे नदीच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. तो टोबाचा असल्याचं बहुतेक अभ्यासक मानतात, पण ७४,००० वर्षांपूर्वीच्या स्फोटाचा की त्याच ज्वालामुखीच्या फार जुन्या स्फोटाचा, यावर मतभेद आहेत. बाकीचा काळ पृथ्वीच्या कक्षेतल्या बदलांशी, म्हणजे सुमारे २३,०००, ४१,००० आणि एक लाख वर्षांच्या आवर्तनांशी, जुळवून घेतात. हेज, इम्ब्री आणि शॅकल्टन यांनी १९७६ साली दक्षिण हिंदी महासागरातल्या दोन कोअरवरून ही आवर्तनं हिमयुगांमागे आहेत हे दाखवलं. पण एकदा वयं कक्षेशी जुळवून ठरवली, की त्याच वयांवरून कक्षेचा परिणाम सिद्ध करायला जाऊ नये. हा चक्रव्यूह टाळण्याकडे नव्या मुलांचं पुरेसं लक्ष नसतं, म्हणून मुद्दाम लिहिते.

शिवाय तळावरचे किडे, गांडुळवर्गीय जीव वरचा आठ-दहा सेंटिमीटर चिखल सतत उलथापालथा करत असतात. हजार वर्षांत दोन सेंटिमीटर साचत असेल, तर चार-पाच हजार वर्षांचं एकमेकांत मिसळून जातं. सुमारे १४,६०० वर्षांपूर्वी बर्फ इतक्या झपाट्याने वितळलं, की साडेतीनशे वर्षांच्या आत समुद्र १४ ते १८ मीटर चढला. ताहितीच्या प्रवाळांत हे स्वच्छ दिसतं. सावकाश साचलेल्या खोल गाळात त्याचा एक मऊ उतार होऊन जातो. समुद्र चढण्याचा तो वेग होता वर्षाला चार सेंटिमीटर किंवा जास्त. उपग्रहांनी १९९३ पासून मोजलेला सरासरी वेग वर्षाला तीन-साडेतीन मिलिमीटरचा आहे. हिमस्तर एकदा मोडायला लागले की किती वेगाने मोडू शकतात, हे आपल्याला ठाऊक आहे ते अशा नोंदींमुळे. म्हणून मला हे काम मोलाचं वाटतं आणि त्यातला प्रत्येक मीटर काटेकोरपणे तपासावासा वाटतो.

आता कोकण. महाराष्ट्राच्या किनाऱ्यासमोरची समुद्रबूड जमीन रुंद आहे. मुंबईसमोर दोनशे किलोमीटरांहून जास्त. मुंबई हायचे तेलाचे फलाट किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, ७५ मीटरच्या आसपास पाण्यात उभे आहेत. एकवीस हजार वर्षांपूर्वी, शेवटचं हिमयुग ऐन भरात असताना, ती कोरडी जमीन होती. आज पुण्याहून घाट उतरून शंभरेक किलोमीटरवर लागणारा समुद्र तेव्हा आणखी कितीतरी पश्चिमेला होता. आपल्या नद्याही त्या मैदानावरून वाहत पुढे जात असणार. नौकानयनाच्या नकाशांवर मुंबईसमोर ‘फिफ्टी फॅदम फ्लॅट’ म्हणून एक सपाटी आहे, ५० फॅदम म्हणजे सुमारे ९० मीटर. त्या भागात ऊलाइटी चुनखडक मिळतो. त्याचे गोल कण उथळ, उबदार, लाटांनी हलत्या पाण्यातच तयार होतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी असे खडक, बुडालेल्या पायऱ्या आणि उथळ पाण्यातली कवचं यांवरून पश्चिम किनाऱ्याचा पातळीचा आलेख मांडला आहे. ही किनाऱ्याची नोंद आहे. इथे गाळ पातळी सरळ सांगतो. पण तीच समुद्रबूड जमीन हिमयुगात उघडी पडून झिजली, त्यामुळे तिथे सलग लांब नोंद मिळत नाही. त्यासाठी पुन्हा खोल पाण्याकडेच जावं लागतं.

कोकणातलं करल, म्हणजे वाळू-शिंपले चुन्याने जखडून झालेला किनाऱ्याचा खडक, काही ठिकाणी आजच्या भरतीच्या रेषेच्या वर दिसतं. ते पाहून ‘समुद्र पूर्वी इतका वर होता, म्हणजे जगभर होता’ असा निष्कर्ष विद्यार्थी पटकन काढतात, तिथे त्यांना थांबवा. हिमस्तरांचा भार गेल्यावर कॅनडातल्या हडसन उपसागराभोवतीची जमीन अजून वर्षाला सुमारे एक सेंटिमीटर वर येते आहे. या हालचालींमुळे आणि समुद्रबूड जमिनीवर चढलेल्या पाण्याच्या वजनामुळे बर्फापासून दूरच्या, उष्ण कटिबंधातल्या अनेक किनाऱ्यांवर सहा हजार वर्षांच्या आसपास समुद्र आजच्याहून थोडा वर भासतो, जगातलं एकूण पाणी तेव्हा जास्त नसतानाही. त्यात स्थानिक जमिनीची हालचाल मिसळते. म्हणून एका किनाऱ्याची पातळी आणि जगाची पातळी हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर करल देतं, दुसऱ्याचं खोल गाळ.

वर्गात प्रत्यक्ष काही दाखवायचं असेल तर फोरॅम दाखवा. कोकणात सहलीला जाल तेव्हा ओहोटीला, लाटांनी मागे सोडलेल्या हलक्या, शिंपल्यांच्या बारीक चुऱ्याच्या रेषेवरची मूठभर वाळू आणा. खाडीचा चिखल आणलात तर अधिक मिळतील. गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा, काळ्या कागदावर पातळ पसरा आणि वीस ते चाळीस पट मोठं दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली वरून उजेड टाकून पाहा. खालून येणाऱ्या उजेडात कवचाचे कप्पे नीट कळत नाहीत. एक मिलिमीटरपेक्षा लहान, चकतीसारख्या वळणाचे, कप्प्याकप्प्यांचे दाणे दिसले की ते फोरॅम. गुळगुळीत, एकसंध वेटोळं असेल तर ते बहुधा गोगलगाईचं पिल्लू. या किनाऱ्याच्या जाती आहेत, हिमयुगाच्या नोंदीसाठी वापरतो त्या नव्हेत, हे मुलांना आधीच सांगा. ओला गाळ डबीत बंद करून आठवडाभर ठेवू नका. तो सडतो आणि त्यातून सुटणारं आम्ल नाजूक कवचं खाऊन टाकतं.